लेबर रूममधलं टीम-सिम्युलेशन: छोट्या हॉस्पिटलात ड्रिल कशी घ्यायची आणि ती कुठे चुकते

मी भूलतज्ज्ञ आहे. सोलापुरात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत जिथून बोलावणं येईल तिथे जाते, त्यामुळे वर्षभरात बऱ्याच लेबर रूम बघायला मिळतात. हल्ली बहुतेक ठिकाणी मॉक ड्रिल होते आणि ती बहुतेक एकाच पद्धतीने चुकते. मीटिंगच्या खोलीत पुतळा ठेवतात, भोवती वीस जण उभे राहतात, एक डॉक्टर छाती दाबून दाखवतात, बाकीचे बघतात. फोटो निघतो, हजेरीवर सह्या होतात, कागद मान्यतेच्या फाइलीत जातो. एवढ्यात कुणी कुणाशी एक शब्द बोललेलं नसतं. मग रात्री तीन वाजता खरा रक्तस्राव सुरू होतो आणि चौघं जण एकाच वेळी सलाईनच्या मागे धावतात, गर्भाशय चोळायला पोटावर हात मात्र कुणाचाच नसतो.

टीमच्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे खोटा प्रसंग उभा करून, तीन गोष्टींचा सराव करायचा असतो: एकमेकांशी बोलणं, कामं वाटून घेणं, आणि आपल्याच खोलीतल्या वस्तू वेळेवर हाताला लागतात का ते बघणं. खाली एकच ड्रिल सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिली आहे: बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव, म्हणजे आपण सगळे म्हणतो ती पीपीएच. झटके आलेली गरोदर बाई किंवा न रडणारं बाळ यांच्या ड्रिललाही हाच साचा चालतो. महागडा पुतळा लागत नाही. दहा-वीस खाटांचं हॉस्पिटल, नेहमीचा स्टाफ आणि सव्वा तास एवढ्यात हे होतं.

टप्पा १: उद्देश लिहा, तीनच

"पीपीएचबद्दल ज्ञान वाढवणे" हा उद्देश नव्हे. घड्याळ आणि पेन घेऊन बसलेल्या माणसाला बघून "झालं" किंवा "नाही झालं" असं लिहिता आलं पाहिजे. पहिल्या ड्रिलसाठी मी हे तीन घेते:

- गेलेलं रक्त मोजून आकडा मोठ्याने सांगितला जातो का?
- एक जण पुढाकार घेऊन नाव घेऊन कामं वाटतो का?
- पहिल्या हाकेपासून ट्रॅनेक्सामिक ॲसिड (रक्तस्राव आटोक्यात आणायचं औषध) सुरू व्हायला किती मिनिटं लागतात?

चौथा उद्देश सुचला तर तो पुढच्या ड्रिलसाठी ठेवा. एकाच दिवशी पीपीएच, सीपीआर आणि बाळाचं पुनरुज्जीवन कोंबलं की डीब्रीफमध्ये, म्हणजे ड्रिलनंतरच्या चर्चेत, एकाही विषयाच्या मुळाशी जाता येत नाही.

टप्पा २: रात्री जेवढे असतात तेवढेच बोलवा

ड्युटीचा तक्ता काढा आणि रात्री तीनला प्रत्यक्ष कोण असतं ते बघा. बहुतेक ठिकाणी एक आरएमओ (ड्युटीवरचा निवासी डॉक्टर), दोन सिस्टर, एक मावशी (आया), एक मामा (वॉर्डबॉय). मोठ्या मॅडम घरी, फोनवर. ड्रिलची टीम एवढीच, याच पदांची. मोठ्या मॅडमना शेजारच्या खोलीत फोन घेऊन बसवा. त्यांनी फोन आल्यावरच बोलायचं आणि आत यायचंच नाही. त्या पहिल्या मिनिटापासून आत असल्या की सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहतात आणि रात्री काय होईल ते कळतच नाही.

टीमशिवाय चौघं लागतात: ड्रिल चालवणारी व्यक्ती, पेशंट होणारी सिस्टर, नातेवाईक होणारं कुणीतरी आणि घड्याळ घेऊन नोंदी करणारा एक जण. प्रेक्षक नकोत. बघायला म्हणून आलेल्या दहा जणांसमोर आरएमओ गप्प होतो आणि मावशी कोपरा धरते.

नातेवाइकाची भूमिका हलक्यात घेऊ नका. सोलापुरात पूर्व भागातली सासू तेलुगूत बोलते, अक्कलकोटकडची कन्नडमध्ये, कुणी दखनीत. पेशंटबद्दलची महत्त्वाची गोष्ट नेमकी त्याच भाषेत सांगितली जाते आणि ती भाषा डॉक्टरांना नाही, मावशीला येते. म्हणून मी सासूच्या भूमिकेसाठी मुद्दाम तेलुगू किंवा कन्नड बोलणारी सिस्टर घेते.

*सावध:* मावशी आणि मामांना "तुम्ही नंतर साफसफाईला या" असं सांगून वगळू नका. रक्ताच्या पिशव्या आणायला तेच धावतात, स्ट्रेचर तेच ढकलतात.

टप्पा ३: खोली आणि सामान

ड्रिल खऱ्या लेबर रूममध्येच घ्या. मीटिंगच्या खोलीत सगळं सामान टेबलावर मांडून दिलेलं असतं, आणि नेमकं ते शोधण्यातच खऱ्या वेळी मिनिटं जातात.

*रक्त.* ड्रिपच्या सेटने रंगीत पाणी सोडायचा प्रयत्न बरेच जण करतात. ते फार हळू येतं. कोरा एनिमा कॅन घ्या, त्यात खायच्या लाल रंगाचं पाणी आणि चमचाभर कॉफी घालून गडद करा, स्टँडला लावून चादरीआड ठेवा. नळी गाऊनखालून सोडा आणि चिमटा पेशंट झालेल्या सिस्टरच्या हातात द्या. गुठळ्यांसाठी साबुदाण्याची घट्ट पेज लाल करून घ्या. खाली जुनं मेणकापड हवंच, हा रंग गादीवरून लवकर जात नाही.

*गर्भाशय.* गाऊनवर कापडी पिशवी बांधा, तिच्यात मऊ स्पंज आणि शेजारी रबरी चेंडू. स्पंज म्हणजे सैल पडलेलं गर्भाशय. ते आवळलं हे दाखवायचं असेल तेव्हा सिस्टरने चेंडू पुढे सरकवायचा. मसाज पिशवीवरच करायचा, तिच्या पोटावर जोर द्यायचा नाही. आतून तपासणी फक्त तोंडाने सांगायची, चालवणारी व्यक्ती निष्कर्ष सांगेल.

*शीर.* पेशंट झालेल्या सिस्टरला खरी सुई टोचायची नाही, "एकदाच, सरावाला" म्हणूनसुद्धा नाही. सलाईनची नळी कापून हाताला चिकटपट्टीने लावा, दुसरं टोक पिशवीत सोडा.

*मोजमाप.* मापाच्या खुणा असलेला ड्रेप (पेशंटखाली पसरायची, रक्त गोळा करणारी प्लास्टिकची चादर) असेल तर उत्तम. नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा. कोरड्या पॅडचं वजन आधी लिहून ठेवा आणि भिजलेल्यातून ते वजा करा. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. नजरेने अंदाज केला की आकडा हमखास कमी येतो, आणि पीपीएचमध्ये उशीर होण्याचं हे मोठं कारण आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासात आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० हॉस्पिटलांपैकी निम्म्यांनी मापाचा ड्रेप वापरला आणि उपचारांचा एक ठरलेला संच एकदम सुरू केला. बाकीच्या निम्म्यांच्या तुलनेत तिथे गंभीर परिणाम झालेल्या बायकांचं प्रमाण ६० टक्क्यांनी कमी आलं. म्हणून माझ्या यादीत मोजणं पहिलं आहे.

*औषधं.* खऱ्या ट्रॉलीतून खरी औषधं काढून सराव करायचा नाही. वापरलेल्या, धुतलेल्या बाटल्यांत साधं पाणी भरा आणि प्रत्येकीवर जाड लाल पट्टी लावून लिहा: "फक्त सरावासाठी". या बाटल्या एका वेगळ्या डब्यात मोजून ठेवा आणि डब्याच्या झाकणावर आकडा लिहा. मात्र औषध आणायला स्टाफने नेहमीच्याच वाटेने जायचं. गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये असतं ना, मग फ्रिजपर्यंत जाऊन तो उघडून दाखवायचा. तिथे चालवणारी व्यक्ती सरावाची बाटली हातात देईल.

हा नियम मी एका अनुभवानंतर केला. एका हॉस्पिटलात सिस्टर पळत फ्रिजकडे गेल्या आणि तिथेच थांबल्या. फ्रिजला कुलूप, आणि किल्ली दोन वाजता ड्युटी संपवून गेलेल्या इन्चार्ज सिस्टरच्या पर्समध्ये. कुलूप लावण्यामागचं कारण चांगलं होतं. उन्हाळ्यात लाइट गेली की कुणी फ्रिज सारखा उघडू नये, आत २ ते ८ अंश टिकावं. सोलापूरच्या मे महिन्यात ऑक्सिटोसिन बाहेर राहिलं तर त्याचा भरवसा उरत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण किल्ली मिळेपर्यंत सहा मिनिटं गेली. खरी पेशंट असती तर त्या सहा मिनिटांत काय झालं असतं ते सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मीटिंगच्या खोलीत हे कधीच कळलं नसतं.

*तपासा:* सरावाच्या बाटल्या मोजल्या? आकडा झाकणावर लिहिला? खरी इमर्जन्सी ट्रॉली भरलेली आणि जागेवर आहे?

टप्पा ४: प्रसंग कागदावर उतरवा

"बघू, सुचेल तसं करू" म्हणून चालवलेला प्रसंग दहा मिनिटांत भरकटतो. माझ्याकडे अर्ध्या पानाचा कागद असतो:

पेशंट २६ वर्षांची, दुसरं बाळंतपण, बाळ ३ किलो ६००. वार पूर्ण पडली. ऑक्सिटोसिनची १० युनिट स्नायूत दिलेली. केसपेपरवर विशेष काही नाही.

- ० मिनिट: ड्रेपमध्ये ३०० मिली, पल्स ९२, बीपी ११८/७४, गर्भाशय नरम.
- २ मिनिटं: ५०० मिली, पल्स १०८, बीपी १०८/६६. पेशंट म्हणते, "गरगरतंय."
- ५ मिनिटं: ९०० मिली, पल्स १२४, बीपी ९२/५६. हातपाय गार, घाम. सासू आत डोकावून आपल्या भाषेत सांगते: हिला दमा आहे, पंप घेते.
- ८ मिनिटं, मसाज, औषधं आणि सलाईन झालं असेल तर: गर्भाशय कडक, रक्त मंदावलं, पल्स ११६, बीपी ९८/६०.
- ८ मिनिटं, झालं नसेल तर: १३०० मिली, पल्स १३८, बीपी ७८/४४, पेशंट गुंगीत.
- १० मिनिटं: मोठ्या मॅडमना किंवा १०८ ला माहिती देऊन प्रसंग संपतो.

दम्याची गोष्ट उगाच घातलेली नाही. गर्भाशय आवळत नसेल तर कार्बोप्रोस्ट या औषधाकडे हात जातो आणि दमा असलेल्या बाईला ते टाळायचं असतं. ही माहिती केसपेपरवर नाही, डॉक्टरांना न कळणाऱ्या भाषेत ती कानावर पडते. ती जिच्या कानावर पडते ती बोलते का, हे मला बघायचं असतं.

पल्सला वरच्या बीपीने भागा. ०.९ च्या वर गेलं की धोका समजायचा. दुसऱ्या मिनिटाला हा आकडा १ झालेला आहे, तरी १०८/६६ हे बीपी बघून सगळे निवांत असतात. डीब्रीफला हे कामी येतं.

*सावध:* पेशंटला ड्रिलमध्ये मारू नका. टीम चुकली तरी दहाव्या मिनिटाला प्रसंग थांबवा. मेलेली पेशंट घेऊन घरी गेलेला स्टाफ पुढच्या ड्रिलला रजा टाकतो.

टप्पा ५: वेळ ठरवा, थांबायचा नियम ठरवा

दुपारी ड्युटी बदलते तेव्हा दोन्ही पाळ्यांचा स्टाफ थोडा वेळ एकत्र असतो. दोन वाजून वीस मिनिटांनी सुरुवात मला सोयीची वाटते. त्या दिवशी लेबरमध्ये कुणी कळा देत असेल, ओटी (ऑपरेशन थिएटर) चालू असेल किंवा ड्युटीवर एक माणूस कमी असेल तर ड्रिल होणार नाही. हे आधीच ठरवा आणि पाळा.

"ड्रिल बंद" हे शब्द ठरवून ठेवा. खरी पेशंट आली, कुणाला लागलं किंवा कुणाला झेपेना, तर कुणीही हे शब्द उच्चारायचे आणि सगळं तिथेच थांबायचं.

बाहेर बसलेल्या नातेवाइकांना आधी सांगा आणि दारावर कागद लावा: "आत कर्मचाऱ्यांचा सराव सुरू आहे." आतून कण्हण्याचा आवाज आणि मग लाल हातमोज्यांची सिस्टर धावत बाहेर आली, तर व्हरांड्यात काय होईल याचा विचार करा.

टप्पा ६: आधीची दहा मिनिटं

ही बैठक घाईत उरकली तर पुढचं सगळं वाया जातं. सगळ्यांना खुर्च्या, मावशी-मामांनासुद्धा. मग मी साधारण एवढं बोलते:

"आज कुणाची परीक्षा नाही. तुमचं काम चांगलं आहे हे मला माहीत आहे. आज आपण आपली खोली, आपलं सामान आणि आपलं बोलणं तपासणार आहोत. इथे जे होईल ते इथेच राहील. मोबाइल या टोपलीत. फोटो नाहीत, व्हिडिओ नाही, ग्रुपवर काही जाणार नाही."

त्यानंतर खोलीतून फेरी. खोटं काय आणि खरं काय ते हात लावून दाखवा. हे रक्त खोटं, ही शीर खोटी, बीपीचा पट्टा खरा पण आकडा मी कार्डवर दाखवणार. पट्टा बांधल्याशिवाय आकडा मिळणार नाही.

मग दोन सवयी ठरवायच्या. आपल्याकडे "कुणीतरी सलाईन लावा रे" असं म्हणायची पद्धत आहे. ते कुणालाच उद्देशून नसतं, म्हणून कुणीच लावत नाही किंवा दोघं लावतात. खोलीत दोन सिस्टर असताना नुसतं "सिस्टर" म्हटल्याने भागत नाही. नाव घ्यायचं, काम सांगायचं. ऐकणाऱ्याने ते परत म्हणायचं आणि झाल्यावर कळवायचं:

"ट्रॅनेक्सा एक ग्रॅम, दहा मिनिटांत सावकाश, शिरेतून."
"ट्रॅनेक्सा एक ग्रॅम, सावकाश. घेते."
"सुरू केलं. दोन वाजून सव्वीस."

दुसरी सवय टोकण्याची. वरच्या माणसाला थांबवणं आपल्याकडे जड जातं. म्हणून पायऱ्या ठरवून द्या: आधी "सर, एक शंका आहे", तरी लक्ष गेलं नाही तर "सर, मला काळजी वाटतेय", तरी नाही तर मोठ्याने "सर, थांबा". "थांबा" ऐकलं की हातातलं औषध खाली ठेवायचं, मग बोलायचं. आणि हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांदेखत एक वाक्य बोलावं: "मीसुद्धा चुकलो तर मला थांबवा, मी रागावणार नाही." हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही तर बाकीच्या सूचनांना वजन येत नाही.

*तपासा:* मोबाइल टोपलीत? "ड्रिल बंद" सगळ्यांना माहीत? मावशींना त्यांचं काम कळलं?

टप्पा ७: दहा मिनिटांचा प्रसंग

पेशंट चिमटा सैल करते. घड्याळवाला वेळ लिहितो. इथून पुढे चालवणाऱ्याने गप्प राहायचं.

हे सगळ्यांत अवघड आहे, मलाही. आरएमओ भलत्याच ड्रॉवरमध्ये ट्रॅनेक्सामिक ॲसिड शोधतोय हे दिसत असतं आणि तोंडातून "खालच्यात" निघणारच असतं. निघू देऊ नका. तो शोधतोय ती चाळीस सेकंदं हीच तुम्हाला मिळालेली माहिती आहे. फक्त तीन वेळा बोलायचं: कुणी मोजलं तर आकडा द्यायला, कुणी तपासलं तर निष्कर्ष सांगायला, आणि कुणाला लागण्याची शक्यता असेल तर थांबवायला.

नोंदी करणाऱ्याच्या कागदावर वेळेचाच रकाना असावा: पहिली हाक, मसाजवर हात, रक्ताचा पहिला आकडा, नेता कोण हे स्पष्ट झालं तो क्षण, ट्रॅनेक्सामिक ॲसिड, मोठ्या मॅडमना फोन. शेजारी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं. "छान समन्वय होता" असा शेरा नको.

फोनकडे खास लक्ष ठेवा. बहुतेक वेळा तो असा होतो: "मॅडम, जरा ब्लीडिंग जास्त वाटतंय, येता का?" झोपेतून उठलेल्या माणसाला यातून काय कळणार? हवा तो फोन असा:

"मॅडम, लेबर रूममधून आरएमओ बोलतोय. पीपीएच आहे, मोजून ९०० मिली गेलंय. दुसरं बाळंतपण, वार पूर्ण पडली, गर्भाशय नरम. पल्स १२४, बीपी ९२/५६. मसाज चालू, ऑक्सिटोसिनचं ड्रिप चालू, ट्रॅनेक्सा दोन सव्वीसला सुरू केलं. दमा आहे म्हणून कार्बोप्रोस्ट दिलं नाही. तुम्ही लगेच या, मी रक्ताच्या दोन पिशव्या मागवतोय."

पंधरा-वीस सेकंद लागतात. फोनशेजारच्या भिंतीवर चार ओळींचा कागद लावा: कोण आणि काय, मागचं काय, आत्ता काय दिसतंय, काय हवंय. तालुक्याच्या ठिकाणी असाल तर याच चार ओळी १०८ ला आणि सोलापुरात पेशंट घेणाऱ्या हॉस्पिटललाही लागतात. अक्कलकोटहून चाळीस किलोमीटर, पंढरपूरहून सत्तरच्या पुढे. वाटेतला एवढा वेळ त्यांना तयारीला मिळतो, पण तुम्ही नीट सांगितलं तरच.

टप्पा ८: आधी डबा मोजा

प्रसंग संपल्याबरोबर, चहाच्याही आधी, सरावाच्या बाटल्या मोजा. झाकणावरचा आकडा जुळला पाहिजे. पाण्याची एक बाटली खऱ्या ट्रॉलीत राहून गेली तर पुढच्या खऱ्या पीपीएचमध्ये ती कुणाच्या तरी शिरेत जाईल. आकडा जुळेपर्यंत कुणी खोली सोडायची नाही.

टप्पा ९: डीब्रीफ, प्रसंगाच्या दुप्पट वेळ

प्रसंग दहा मिनिटांचा, तर हे बोलणं वीस ते तीस मिनिटांचं. शिकणं इथे होतं आणि बहुतेक ठिकाणी हेच गाळतात. कधी मोठे डॉक्टर "छान झालं, असंच चालू ठेवा" म्हणून उठतात, कधी फळ्यावर पीपीएचची कारणं लिहायला लागतात. दोन्ही टाळा. बोलण्याचा मोठा वाटा टीमचा असला पाहिजे.

खुर्च्या गोल मांडा, आणि क्रम सोडू नका.

आधी मन मोकळं होऊ द्या, दोनेक मिनिटं. "कसं वाटलं?" एवढंच. कुणी हसेल, कुणी "धडधडत होतं" म्हणेल. हे बाहेर पडल्याशिवाय पुढचं डोक्यात शिरत नाही.

मग काय घडलं ते, मतं न देता. सुरुवात पदाने सगळ्यांत धाकट्या माणसापासून करा, मावशीपासून. आरएमओ आधी बोलला की बाकीचे त्याचीच री ओढतात.

मग कारणं. इथे भाषा सांभाळा. "का नाही दिलं?" हे आपल्या मराठीत ओरडल्यासारखंच लागतं, आवाज कितीही मऊ ठेवला तरी. मी असं विचारते: "पाचव्या मिनिटाला ९०० मिली झालं होतं आणि ट्रॅनेक्सा आठव्या मिनिटाला सुरू झालं. मला वाटलं काहीतरी अडत होतं. तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं?" म्हणजे जे पाहिलं ते, मग मला जे वाटलं ते, मग प्रश्न. आणि त्यानंतर गप्प. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. शांतता असह्य होते आणि चालवणारी व्यक्तीच उत्तर देऊन टाकते, मीही कितीदा दिलं आहे.

एका ड्रिलमध्ये सासू झालेल्या सिस्टरने तेलुगूत दम्याचं सांगितलं. मावशी तिच्या शेजारीच उभ्या होत्या. आरएमओने कार्बोप्रोस्टची बाटली उचलली, सिरिंज भरली, दिलं. डीब्रीफमध्ये मी मावशींना विचारलं, "सासूबाई काय म्हणाल्या ते ऐकू आलं होतं का?" त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग म्हणाल्या, "आलं की मॅडम. दमा आहे म्हणाली. पण डॉक्टर बोलत होते, मधी कसं बोलायचं?" खोलीत कुणी काही बोललं नाही. मग तो आरएमओच म्हणाला, "मावशी, पुढच्या वेळी माझा हात धरा." पीपीएचवर तासभर व्याख्यान देऊन मला जे साधलं नसतं ते त्या एका वाक्याने झालं.

अशा वेळी मध्ये पडून "बघा, यालाच टीमवर्क म्हणतात" असं काही जोडू नका. थोडं थांबा आणि पुढच्या मुद्द्यावर जा.

शेवटी प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची: उद्याच्या ड्युटीत मी काय वेगळं करणार. "जास्त काळजी घेईन" चालणार नाही. "रक्ताचा आकडा मोठ्याने सांगेन" चालेल.

*सावध:* एखाद्याच्या हातून मोठी चूक झाली असेल तर तिच्यावर सगळ्यांसमोर पाच मिनिटं घालवू नका. त्या जागी दुसरं कुणी असतं तर तेही तसंच चुकलं असतं का, हे विचारा. बहुतेक वेळा उत्तर हो येतं आणि दोष ट्रॉलीच्या मांडणीत किंवा कागदात सापडतो. एखाद्याचं ज्ञानच कमी पडत असेल तर ते नंतर एकट्याला बोला. आणि ड्रिलमधल्या चुकीवरून मेमो, पगारकपात किंवा टोमणा, यातलं काहीही एकदा जरी झालं तर पुढची ड्रिल विसरा.

टप्पा १०: दुसऱ्या दिवसाचा कागद

त्याच संध्याकाळी एका कागदावर तीनच दुरुस्त्या लिहा. प्रत्येकीपुढे एका माणसाचं नाव आणि तारीख. "व्यवस्थापन बघेल" असं लिहिलं की ते कुणीच बघत नाही. फ्रिजच्या कुलपाचं काय झालं सांगते: दुसऱ्या दिवशी किल्ली फ्रिजच्याच बाजूला खिळ्याला लागली, आणि पीपीएचची औषधं एका वेगळ्या डब्यात घालून वरच्या कप्प्यात पुढे आली. खर्च शून्य. दुसऱ्या एका ठिकाणी स्ट्रेचर लेबर रूमच्या दारातून वळतच नव्हतं, कारण दाराआड कपाट होतं. मामांनी ते अर्ध्या तासात सरकवलं. ते सांगत होते म्हणे आधीपासून, पण कुणी विचारलं नव्हतं.

कपाट आणि किल्लीसारख्या गोष्टी आठवड्याच्या आत व्हाव्यात. मापाचा ड्रेप किंवा दुसरा बीपीचा पट्टा घ्यायला महिना लागला तरी चालेल, पण तारीख हवी. दुरुस्ती दिसली की स्टाफ पुढच्या ड्रिलला आपणहून येतो.

वैद्यकीय महाविद्यालयांमध्ये कौशल्य प्रयोगशाळा असते. आपल्या शासकीय महाविद्यालयातल्या स्त्रीरोग किंवा भूलशास्त्र विभागात कुणी ओळखीचं असेल तर एखाद्या ड्रिलला निरीक्षक म्हणून बोलवून बघा. बाहेरच्या नजरेला आपल्या सवयीचं झालेलं दिसतं.

टप्पा ११: तीच ड्रिल, रात्रीच्या पाळीत

पंधरा दिवसांत तोच प्रसंग, तेच तीन उद्देश, पण रात्रीचा स्टाफ. नवा प्रसंग घ्यायचा मोह होतो. घेऊ नका, नाहीतर पहिल्या ड्रिलचे आकडे कशाशी ताडून बघणार? पहिली हाक ते मसाज, पहिली हाक ते रक्ताचा आकडा, पहिली हाक ते ट्रॅनेक्सामिक ॲसिड, हे तीन वेळ शेजारी शेजारी लिहा. त्यानंतर दर तीन महिन्यांनी एक ड्रिल, आणि नवीन सिस्टर किंवा आरएमओ रुजू झाले की त्यांच्या पहिल्या महिन्यात एक.

रात्रीची ड्रिल साडेनऊच्या सुमाराला घ्या, पेशंट झोपायच्या आधी. तिच्यात एक गोष्ट जास्तीची करा: मामांना चिठ्ठी देऊन रक्तपेढीच्या दारापर्यंत खरोखर पाठवा, घड्याळ लावून. पिशवी आणायची नाही, जाऊन यायचं. रक्तपेढीला आधी फोन करून कळवा. कोणता गेट रात्री बंद असतो, लिफ्ट चालू ठेवतात का, नमुन्याची बाटली आणि अर्ज सोबत दिला होता का, चिठ्ठीवर पेशंटचा रक्तगट होता का, हे सगळं मामा परत आले की त्यांच्याच तोंडून ऐका आणि त्यांच्या शब्दांत लिहून घ्या.